गटात गेल्याने घरातला अबोला सुटेल का?

सप्रेम नमस्कार.

तुमचे पत्र सविस्तर आणि प्रामाणिक आहे. इतर वाचकांना संदर्भ लागावा म्हणून, ओळख पटेल असे तपशील वगळून, त्याचा गोषवारा आधी देते. तुमचे वय 46, नोकरी बँकेत, वास्तव्य नाशिकला. घरात तुम्ही कधी आवाज चढवलेला नाही, व्यसन नाही, पैशाअडक्याची तक्रार नाही. मात्र मन दुखावले की तुम्ही बोलणे बंद करता, कधी दोन दिवस, तर कधी पंधरवडाभर. त्या काळातही विजेचे बिल भरले जाते आणि मुलीला क्लासला सोडले जाते, परंतु ‘हो’, ‘नाही’ आणि ‘ठीक’ यांपलीकडे तुमच्या तोंडून शब्द निघत नाही. गेल्या दिवाळीत पत्नी तुम्हाला म्हणाली, “तुम्ही ओरडला असता तर बरे झाले असते.” दहावीतली मुलगीही आता मनाविरुद्ध काही झाले की दार लावून बसते. वडिलोपार्जित घराच्या वाटणीपासून मोठ्या भावाशी तुमचे बोलणे नाही. ज्या समुपदेशक बाईंकडे तुम्ही काही महिने जात आहात, त्यांनी आता गटोपचारात सहभागी व्हा असे सुचवले आहे. तुम्ही विचारता की ज्यांना तुमचे घर ठाऊक नाही अशा सात-आठ परक्या माणसांत बसून घरची नाती कशी सुधारणार, आणि झाकली मूठ सव्वा लाखाची असताना ती चार लोकांत का उघडावी?

बाईंनी सुचवलेला मार्ग मला योग्य वाटतो आणि त्याचे कारण तुमच्या पत्रातच आहे. तुम्ही लिहिता की बाईंशी तुम्ही मनमोकळे बोलू शकता, ‘घरी असे का जमत नाही कळत नाही.’ बाईंसमोर ते जमते, कारण तिथे तुमचे मन दुखावण्याचा प्रसंगच सहसा येत नाही. त्या तुमचे ऐकण्यासाठीच बसलेल्या असतात. त्या तुमचे बोलणे मध्येच तोडून स्वतःची हकीकत सुरू करत नाहीत आणि तुमच्यादेखत दुसऱ्या कुणाला अधिक महत्त्व देत नाहीत. त्यामुळे त्या खोलीत अबोल्याविषयी पुष्कळ बोलणे होते, पण प्रत्यक्ष अबोला घडत नाही. गटात तो घडतो, आणि तुमच्यासाठी गटाचा खरा उपयोग तिथेच आहे.

गटोपचार म्हणजे प्रत्येकाने आळीपाळीने घरची गाऱ्हाणी सांगायची आणि बाकीच्यांनी माना डोलवायच्या, असा समज सर्रास आढळतो. सुरुवातीच्या काही सत्रांत ते थोडेफार तसेच असतेही. परंतु आठ माणसे दर आठवड्याला दीड तास एकमेकांसमोर बसू लागली की हळूहळू प्रत्येक जण तिथेही तसाच वागू लागतो, जसा तो घरी, कचेरीत आणि नातेवाइकांत वागतो. सगळ्यांची मर्जी सांभाळणारी व्यक्ती गटाचीही मर्जी सांभाळू लागते, सल्ले देणारा तिथेही सल्ले देतो आणि रुसणारा तिथेही रुसतो. इर्विन यालोम या अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांनी गटोपचार कशामुळे गुण देतो याची अकरा कारणे मांडली. गट हे सभासदांच्या बाहेरच्या जगाचेच छोटे रूप होते आणि म्हणून माणूस तिथे नात्यांविषयी थेट नात्यांतूनच शिकतो, या विचाराला त्यांच्या मांडणीत मोठे स्थान आहे. घरी काय घडले हे तुम्ही सांगता ते अखेर तुमच्या बाजूने सांगितलेले असते. गटात जे घडते ते मात्र सगळ्यांच्या डोळ्यांदेखत घडते आणि त्याच खोलीत, त्याच माणसांबरोबर, वेगळे काही करून पाहण्याची सोय असते.

हे कसे घडू शकते ते एका कल्पित प्रसंगातून दाखवते. समजा, गट सुरू होऊन दीडदोन महिने झाले आहेत. एके दिवशी धीर करून तुम्ही मुलीविषयी बोलू लागता. चार वाक्ये होतात न होतात तोच समोरच्या एक निवृत्त शिक्षिका “अगदी, माझ्या मुलाचेही असेच होते” म्हणून आपली कथा सुरू करतात आणि उरलेला वेळ त्यांच्या मुलावर जातो. तुम्ही गप्प बसता. पुढच्या आठवड्यात तुम्ही वेळेवर येता, सगळ्यांना नमस्कार करता, विचारले की “ठीक” म्हणता. त्याच्या पुढच्या आठवड्यातही तेच. मग त्या बाईच म्हणतात, “तुम्ही त्या दिवसापासून आमच्याशी बोलत नाही. माझे काही चुकले का?” तुम्ही उत्तर देता, “नाही, काही नाही.”

घरी संभाषण इथे संपते. गटात ते इथून सुरू होते. गट चालवणारे तज्ज्ञ तुम्हाला खोदून विचारत बसत नाहीत. ते इतरांकडे वळून विचारतात, “हे ‘काही नाही’ म्हणाले तेव्हा तुम्हाला काय वाटले?” एक तरुण म्हणतो, “मला वाटले, मला कसली तरी शिक्षा चालू आहे, पण गुन्हा कोणता ते सांगत नाहीत.” दुसरी एक बाई म्हणते, “मी पहिल्या आठवड्यात काळजीत होते. आता म्हटले, नसेल बोलायचे तर राहू दे.” तुमची पत्नी कदाचित हेच अनेक वर्षे वेगवेगळ्या शब्दांत सांगत आली असेल. पण तिच्या तोंडून ते येते तेव्हा त्याला साऱ्या संसाराचा हिशेब चिकटलेला असतो आणि तुम्ही लगेच बचावाच्या पवित्र्यात जाता. या माणसांना तुमच्याकडून काही घ्यायचे नाही आणि कुठला जुना सूडही उगवायचा नाही. त्यामुळे त्यांचे म्हणणे आरोप म्हणून झटकून टाकणे अवघड जाते. आपल्या गप्प राहण्याने समोरच्याच्या आत काय होते, ही माहिती तुमच्यापर्यंत बहुधा प्रथमच निखळपणे पोहोचते.

आणि त्यानंतर कधीतरी, कदाचित त्याच दिवशी, कदाचित महिन्याभराने, तुम्ही म्हणता, “मी मुलीविषयी सांगत होतो आणि विषय तुमच्याकडे गेला. मला वाईट वाटले.” त्या बाई म्हणतात, “माझ्या लक्षातच आले नाही हो. तेव्हाच सांगितले असते तर मी थांबले असते.” वाचताना हे साधे वाटेल. पण तुम्हीच लिहिले आहे की वडिलांसमोर ‘मला वाईट वाटले’ असे म्हणण्याची सोय नव्हती, तसे म्हटले की दुप्पट ऐकून घ्यावे लागे. लहानपणी त्या घरात गप्प बसणे हा शहाणपणाच होता, कारण त्याने तुम्ही वाचलात. आता वडिलांचा धाक उरलेला नाही, परंतु ‘दुखावले असे सांगितले तर अधिक दुखावले जाईन’ हा ठोकताळा तुमच्या मनात जसाच्या तसा आहे. मानसशास्त्रात ज्याला सुधारक भावनिक अनुभव म्हणतात तो हाच, की भीती ज्याची होती ते बोलून दाखवावे आणि ती भीती खरी ठरू नये. हे कुणी समजावून सांगून पटत नाही. ते आपल्यावर घडावे लागते, आणि एकदा घडून भागत नाही.

गटात आणखी एक गोष्ट होईल, जिची तुम्ही कल्पनाही केली नसेल. एखाद्या दिवशी दुसरेच कुणी अबोला धरून बसेल आणि तुम्ही समोरच्या खुर्चीत असाल. घरात अबोला धरणारे बहुधा तुम्हीच असल्याने, त्याची झळ दुसऱ्या बाजूने कशी लागते हे तुम्हाला फारसे अनुभवावे लागलेले नाही. मोठ्या भावाच्या बाबतीत ते घडते आहे असे तुम्हाला वाटते, पण तिथे तुम्ही दोघेही तेच करत आहात. गटात मात्र तुम्हाला त्या व्यक्तीशी बोलायचे असेल, आणि ती तुम्हाला “ठीक” एवढेच म्हणेल. मी चालवलेल्या गटांत बदलाला खरी सुरुवात होताना मी अनेकदा पाहिली आहे ती अशाच क्षणी, कारण पत्नीच्या जागी स्वतः बसल्याशिवाय ती जागा कशी आहे हे कितीही समजूतदार माणसाला कळत नाही.

भावाविषयी थोडे अधिक लिहिते. तुम्ही त्याच्याबद्दल पत्रात पानभर मजकूर लिहिला आहे आणि त्याच्याविषयी एकही प्रश्न विचारलेला नाही. आठ-दहा जणांच्या गटात वडीलधारे असतात, धाकटे असतात, अधिकाराने बोलणारे असतात आणि कोपऱ्यात बसणारेही असतात. थोडक्यात, तो गट पुष्कळसा एका कुटुंबासारखा असतो आणि माणसे नकळत आपल्या कुटुंबातल्या जागा तिथे वाटून टाकतात. गटातल्या एखाद्या थोराड, ठामपणे बोलणाऱ्या गृहस्थाविषयी तुम्हाला पहिल्या दिवसापासून अढी वाटू लागली, त्याने काहीही म्हटले तरी ‘हा मला कमी लेखतो आहे’ असे वाटू लागले, तर ते मनात ठेवू नका. तो माणूस कदाचित खरेच उर्मट असेल. कदाचित तुम्ही त्याच्या खुर्चीत भावाला बसवले असेल. यातले किती त्याचे आणि किती तुमचे, हे एकट्याने ठरवता येत नाही, पण सात जणांनी तोच माणूस पाहिलेला असला की ठरवता येते. भावाशी समेट होईल असे आश्वासन मी देणार नाही, तो तुमच्या एकट्याच्या हातात नाही. त्याच्याशी बोलायचे ठरलेच तर तुम्ही कोणत्या वयाचे होऊन बोलता, बारा वर्षांचे की 46 वर्षांचे, एवढे मात्र तुमच्या हातात येऊ शकते.

हे पाश्चात्त्यांचे खूळ असल्याची शंका तुम्ही व्यक्त केली आहे. गटोपचाराची सुरुवात सांगताना 1905 सालच्या बॉस्टनचा दाखला देतात. जोसेफ प्रॅट नावाचे डॉक्टर तिथल्या गरीब क्षयरोग्यांना दर आठवड्याला एकत्र बोलावू लागले. या रुग्णांना आरोग्यधामाचा खर्च परवडणारा नव्हता. विश्रांती, मोकळी हवा आणि आहार यांची रोजची नोंद त्यांनी वहीत ठेवायची आणि ती घेऊन यायचे. हेतू होता शिकवण्याचा वेळ वाचवण्याचा. पण समदुःखी माणसांच्या संगतीचाच रुग्णांना मोठा आधार होतो, हे प्रॅट यांच्या ध्यानात आले. पुढे दुसऱ्या महायुद्धात मनाने खचलेले सैनिक खूप आणि तज्ज्ञ थोडे अशी स्थिती झाल्यावर बर्मिंगहॅमजवळच्या नॉर्थफील्ड लष्करी रुग्णालयात गटांचे मोठे प्रयोग झाले. त्यांतले एक अग्रणी विल्फ्रेड बायन यांचा जन्म 1897 मध्ये आपल्या मथुरेतला. आपल्याकडेही ही वाट अनोळखी राहिलेली नाही. पुण्यातल्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्राने सुरुवातीपासून, म्हणजे 1986 पासून, व्यसनी माणसांबरोबर गटाने काम केले आहे आणि त्यांच्या पत्नींसाठी ‘सहचरी’ हा गटही चालवला आहे. दारू सोडू पाहणाऱ्यांच्या अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस या संघटनेच्या मराठीतून चालणाऱ्या सभाही महाराष्ट्रात होतात. या सभा म्हणजे स्वमदत गट आहेत, त्यांत तज्ज्ञ असतोच असे नाही आणि उद्देशही वेगळा असतो, त्यामुळे त्यांना गटोपचार म्हणता येणार नाही. परंतु परक्यांसमोर मराठी माणूस बोलत नाही, ही समजूत त्यांनी केव्हाच खोटी ठरवली आहे.

त्यापेक्षा ‘मित्रांचा कट्टा आहे, तो पुरेसा नाही का’ हा तुमचा प्रश्न मला अधिक वाजवी वाटतो. कट्टा जपा, त्याची जागा गट घेणार नाही. पण कट्ट्यावर कुणी गप्प झाला तर एक तर त्याची थट्टा होते, नाही तर ‘त्याचा मूड नाही’ म्हणून त्याला सोडून दिले जाते. प्रेमापोटीच आपण एकमेकांच्या वागण्याकडे काणाडोळा करतो. गटात काणाडोळा करायचा नाही, असा करार करूनच सगळे बसलेले असतात.

आता झाकल्या मुठीविषयी. घरोघरी मातीच्या चुली हे आपण सगळेच म्हणतो, पण मनातून प्रत्येकाला वाटत असते की आपल्या घरची चूल मातीची आणि बाकीच्यांच्या घरी गॅस आहे. समोरचा प्रतिष्ठित डॉक्टर किंवा हसतमुख गृहिणी जेव्हा सांगते की घरी जाताना गाडीत दहा मिनिटे बसून राहावे लागते, तेव्हाच ती म्हण खरी वाटू लागते आणि इतक्या वर्षांची लाज सैल पडते. असे असले तरी गोपनीयतेची तुमची काळजी अनाठायी नाही आणि तिचे उत्तर स्पष्ट असायला हवे. 2017 च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने मानसिक आजार असलेल्या व्यक्तीला गोपनीयतेचा हक्क दिला आहे आणि तिच्यावर उपचार करणाऱ्या व्यावसायिकांवर ती पाळण्याचे बंधन घातले आहे. तुमच्यासारख्या, आजाराचे निदान नसलेल्या व्यक्तीबाबतही गोपनीयता पाळणे हा या व्यवसायाचा मूलभूत नियम आहे. गटातले इतर सभासद मात्र केवळ दिलेल्या शब्दाने बांधलेले असतात, आणि हे तुम्ही जाणूनच आत पाऊल टाकावे. म्हणून चांगल्या गटात सुरुवातीलाच नियम ठरवून घेतले जातात. इथले बोलणे बाहेर जाणार नाही, कुणाचे नाव घरीसुद्धा सांगायचे नाही, आणि सभासद बाहेर भेटले तर ते गटात येऊन सांगायचे. नाशिकसारख्या शहरात बँकेतल्या माणसाला ओळखीचे कुणी भेटणे अशक्य नाही. प्रवेशाआधी तज्ज्ञ एकट्याने भेटतात, त्या वेळी ही अडचण सांगा. पहिल्याच सत्रात एखादा ग्राहक समोर दिसला, तर तसे तज्ज्ञांना लगेच सांगा आणि दुसरा गट मागा, त्यात संकोच नको. ऑनलाइन गटही असतात, पण भिंतीपलीकडे पत्नी आणि मुलगी असताना इअरफोन लावून तुम्ही मोकळे बोलाल असे मला वाटत नाही.

त्याच भेटीत विचारून घ्या की गट चालवणाऱ्या व्यक्तीचे शिक्षण काय आणि गट चालवण्याचे वेगळे प्रशिक्षण तिने घेतले आहे का. चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ असतील तर त्यांची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असते, ती विचारण्यात गैर काही नाही. सभासद साधारण सहा ते दहा असावेत. पंचवीस-तीस जणांचे शिबिर कितीही भारावून टाकणारे असले तरी तुमच्या कामाचे नाही, कारण तिथे तुमचा अबोला कुणाच्या लक्षातही येणार नाही. गट किमान सहा महिने चालणारा असावा.

गटोपचार सर्वांसाठी आणि सर्व काळी योग्य असतो असेही नाही. ज्यांच्या मनात जीव देण्याचे विचार घोळत आहेत, ज्यांना भास होत आहेत किंवा ज्यांच्या घरी मारहाण चालू आहे, त्यांनी आधी स्वतंत्र आणि तातडीची मदत घ्यावी. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 या क्रमांकावर मराठीतूनही बोलता येते. तुमच्या पत्रात यांपैकी काही दिसत नाही. पण पत्नीला काय वाटते ते मला तुमच्या शब्दांतूनच कळले आहे, आणि पंधरवडाभर कुणी आपल्याशी न बोलणे हेदेखील सोसणाऱ्याला जाच वाटू शकते, हे तुम्ही मनाशी धरावे.

पत्नीला गटाविषयी सांगावे का, असेही तुम्ही विचारता. अवश्य सांगा, आणि जाण्याआधी सांगा. “मी गप्प बसतो त्याचा तुम्हा दोघींना त्रास होतो, ते बदलायला मी एका गटात जाणार आहे” एवढे वाक्य पुरे. त्यापुढे गटातल्या इतरांच्या कथा तिला सांगू नका, आणि गटात शिकलेली भाषा घरात वापरून ‘तूही तुझ्या भावना नीट व्यक्त कर’ असे तिला शिकवायला जाऊ नका. अनेक घरांत पहिली ठिणगी यावरूनच पडते. तुम्ही बोलू लागलात की ती आनंदित होईल अशी अपेक्षाही ठेवू नका. एवढ्या वर्षांत तिने तुमच्या गप्प राहण्याशी जुळवून घेतले आहे. प्रथम तिला शंका येईल, कदाचित साठलेला राग बाहेर पडेल, आणि नेमके तेव्हा तुम्हाला पुन्हा गप्प व्हावेसे वाटेल. त्या क्षणासाठी एक वाक्य आजच तयार ठेवा: “मला आत्ता बोलता येत नाही, पण रात्री जेवणानंतर बोलतो.” आणि मग त्या रात्री जेवणानंतर खरोखर बोला, दोनच वाक्ये बोललात तरी चालेल. थोडा वेळ मागून घेणे आणि अबोला धरणे यांत फरक एवढाच आहे की पहिल्यात समोरच्याला परत येण्याची वेळ माहीत असते. मुलीच्या बाबतीतही हेच करा. तिचे दार वाजवून “मी परवा दिवसभर बोललो नाही, तुझ्यावर राग नव्हता” हे सांगायला कुठल्याही गटाची वाट पाहावी लागत नाही.

शेवटी, एक गोष्ट आधीच सांगून ठेवते. सुरुवातीच्या दोन-तीन महिन्यांत कधीतरी तुम्हाला गट सोडावासा वाटेल. कुणी काही लागेल असे बोलेल, किंवा तुम्ही बोललात त्याची कुणी दखल घेणार नाही, आणि तुमच्या मनात येईल की ‘जाऊ दे, नाही गेलो तर काय बिघडते.’ पुढच्या आठवड्यात बँकेत काम निघेल, त्याच्या पुढच्या आठवड्यात पाहुणे येतील. त्या वेळी फोनवरून कळवून मोकळे होऊ नका. बहुतेक गटांत नियम असतो की सोडायचे असेल तर येऊन, सगळ्यांसमोर कारण सांगून सोडायचे आणि निरोपाला एखादे सत्र द्यायचे. तुम्ही तो नियम काटेकोर पाळा. सांगायला म्हणून गेल्यावर कदाचित तुम्ही सोडणार नाही. सोडलेच, तरी आपण का जातो आहोत हे समोरच्यांना तोंडाने सांगून तुम्ही निघालेले असाल, आणि बाईंकडच्या पुढच्या भेटीत बोलायला तेवढे पुरेसे आहे.